निळी वर्तुळं

बेल्जियमहून आलेल्या त्या जोडप्यानं विचारलं नसतं, तर गिलेनला आणखी महिनाभर तरी या भानगडीचा पत्ता लागला नसता.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. ल्युसेतच्या कॅफेबाहेर ती दोघं बुटांचा चिखल झटकत बसली होती. बाईनं नकाशा गिलेनपुढं सरकवला आणि म्हणाली, "पिवळी वाट झाली आमची. सुरेख आहे. पण ती निळी कुठं जाते? नकाशात सापडत नाही."

"निळी?" गिलेन म्हणाली. "आमच्या मोंतेझाल गावात निळी वाट नाही."

"आहे ना. पाणचक्कीच्या पुढं, अक्रोडापासून वर चढते."

गिलेनचा कप हातातच राहिला. एकतीस वर्षं तिनं दरीतल्या शाळेची बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यापासून गावाभोवतालच्या पायवाटांची देखभाल तिच्याकडं होती. दर वसंतात तारेचा ब्रश, फांद्या छाटायची कात्री आणि पिवळ्या रंगाचा डबा घेऊन ती निघायची आणि झाडाझाडावरचे, दगडादगडावरचे पुसट झालेले पट्टे पुन्हा ठसठशीत करायची. चौदा किलोमीटरचा मोठा फेरा ती पावणेतीन तासांत पुरा करायची आणि हे समोरच्यानं न विचारताही सांगायची. त्या डोंगरात आपल्याला ठाऊक नसलेलं काही असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"तुझ्या डोंगराला दुसरी कुणीतरी भेटली बघ," कॅफेच्या दारातून ल्युसेत म्हणाली. "सवत आली गं, सवत!"

"पोरांचे उद्योग असतील," गिलेन म्हणाली खरी, पण कॉफी अर्धी टाकून उठली.

अक्रोडाजवळ पोचल्यावर तिला काहीच दिसेना. पिवळे पट्टे नेहमी डोळ्यांच्या उंचीवर असतात, म्हणून ती तिथंच बघत राहिली. बुटाची नाडी बांधायला वाकली तेव्हा कुठं दिसलं. दगडी बांधावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, बांगडीएवढं एक निळं वर्तुळ होतं. नीट काढलेलं, एक ओघळसुद्धा नाही. काढणाऱ्याला ब्रश धरता येत होता, एवढं तिनं मनाविरुद्ध कबूल केलं.

पण वाट दाखवायची तर बाण हवा किंवा पट्टा हवा. वर्तुळानं काय कळणार? तिनं चारी बाजूंना पाहिलं. बांध, काटेरी झुडपं, मेंढ्यांची जुनी पाऊलवाट. ती त्या पाऊलवाटेनं वर निघाली. बरंच चढून गेल्यावर दुसरं वर्तुळ सापडलं, एका पुढं आलेल्या कड्याखाली, तसंच खाली. तिथंही काही नव्हतं. तिसरं तिला सापडलंच नाही. दुपारी ती घरी परतली ती चिडूनच, आणि रात्रीच्या सूपमध्ये दोनदा मीठ घातलं.

नियमानं पाहिलं तर असल्या परस्पर काढलेल्या खुणा खरवडून टाकायच्या असतात. दुसऱ्या दिवशी ती ब्रश घेऊन त्याच तयारीनं निघाली. पण खरवडायच्या आधी कळायला तर हवं की ही खूण कशाची, असं म्हणत ती अक्रोडाखालच्या एका सपाट दगडावर पाव आणि बकरीचं चीज काढून बसली.

आणि बसल्यावर तिला दिसलं.

समोरच्या बांधातला एक दगड कधीचा निखळलेला होता. उभ्या माणसाला ती नुसती भगदाडासारखी फट, पण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती बरोबर खिडकी होत होती, आणि त्या खिडकीत खालच्या पाणचक्कीचा बंधारा आणि बंधाऱ्यावर एका पायावर उभा असलेला बगळा. या जागेवरून ती हजार वेळा तरी गेली असेल. चावायचं विसरून ती बघत राहिली.

मग ती जवळजवळ पळतच दुसऱ्या वर्तुळाशी गेली आणि कड्याखाली तिथल्या दगडावर बसली. तोंडासमोर, अगदी वीतभरावर, खडकात शिंपले होते. एक नाही, शेकड्यांनी. काही नखाएवढे, काही तळहाताएवढे, दगडातच घट्ट बसलेले. इथं कधीकाळी समुद्र होता हे ती शाळेत शिकली होती. पण शिकलेलं आणि बोटानं चाचपलेलं यांत केवढा फरक!

आता तिला खरवडायचं भान राहिलं नाही. आता एकच प्रश्न होता: हा माणूस कोण? ज्याला हे सगळं ठाऊक आहे आणि जो एका शब्दानं बोलत नाही, असा गावात कोण आहे? गावच्या डॉक्टरीणबाई? त्यांना वेळ कुठला. वरच्या वाडीत घर घेतलेला तो डच चित्रकार? तो तर पावसाच्या चार थेंबांत आत पळतो.

तिसरं वर्तुळ तिनं तिसऱ्या दिवशी शोधलं, पडलेल्या ओकच्या खोडावर. तिथं ती आज्ञाधारकपणे बसली आणि वाट बघत राहिली. बघण्यासारखं काहीच नव्हतं. मग खाली गावात अकराचे ठोके पडले आणि प्रत्येक ठोका समोरच्या कड्यावर आपटून, क्षणभर थांबून, पुन्हा तिच्यापाशी आला. बावीस ठोके. तिला हसू फुटलं.

चौथ्या वर्तुळाला तिनं हात लावला, तर बोट निळं झालं. रंग ओला होता.

आणि वरून खोकल्याचा आवाज आला.

झुडपं बाजूला सारून ती पुढं गेली. एका धोंड्यावर, मांडीवर रंगाचा छोटा डबा घेऊन, फिर्मां बसला होता. शहात्तर वर्षांचा फिर्मां, ज्यानं गावातल्या निम्म्या घरांवरची दगडी चिपांची छपरं बसवली होती. मागच्या नोव्हेंबरात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आता तो सकाळी पाणचक्कीजवळच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यात कोंबड्यांना दाणे टाकतो आणि एरवी खिडकीत बसून असतो, अशी सगळ्या गावाची समजूत होती.

"तुम्ही?" गिलेन ओरडलीच.

"हळू, पोरी. आतून शिवलेला आहे मी. टाके उसवतील."

"तुम्ही इथं कसे आलात?"

"चालत. तुझ्यासारखी बस नाही माझ्याकडं." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "ऑपरेशनचे डॉक्टर म्हणाले, चाला, पण दमलात की बसा. आता दमल्यावर बसायला खाली जमिनीवर टेकलो तर उठवणार कोण? म्हणून बेताच्या उंचीचा दगड शोधायचा, ज्यावरून माझं मला उठता येईल. सापडला की खूण करायची, म्हणजे पुढच्या वेळी ठाऊक असतं की तिथवर दम काढायचा आहे."

गिलेन त्याच्याकडं बघत राहिली. "म्हणजे ते बंधाऱ्याचं... ते शिंपले... घंटेचं..."

"ते होय!" फिर्मां म्हणाला. "ते नंतर दिसलं. एका जागी दहा मिनिटं बसवलं की माणूस बघणार नाही तर काय करणार?"

"आणि बसूनच रंगवता, म्हणून सगळं एवढं खाली."

"वाकून रंगवू की काय? तू हे नादेजला सांगू नकोस." नादेज त्याची मुलगी, गावातली बेकरी तिची. दुपारी एकपर्यंत ती भट्टी आणि गिऱ्हाइकं यांत अडकलेली असायची, आणि तेवढ्या वेळात बापाचे हे उद्योग चालायचे.

"इथं फोन लागत नाही, ठाऊक आहे? पडलात तर?"

"पडलो तर तू शोधून काढशील. तीन दिवस माग काढते आहेस. काल त्या कड्याखाली स्वतःशी बोलत होतीस, मी वरून ऐकलं."

गिलेनचे कान लाल झाले. फिर्मांनं काठीनं वर दाखवलं. झाडी संपत होती आणि पुढं नुसता सुट्या दगडगोट्यांचा उघडा चढ होता, थेट कड्याच्या माथ्यापर्यंत.

"हा चढ माझ्यानं होईना. बसायला एक दगड नाही धडाचा. आयुष्यभर प्रत्येक छपरावरून मी तो माथा पाहिला, गिलेन. गिधाडं त्याच्यामागं उतरतात. वाटायचं, जाऊ एकदा. पण कधी पाऊस यायच्या आत छप्पर पुरं करायचं असायचं, कधी काय. तू तर शंभरदा गेली असशील. मला सांग, तिथून म्हणे उडणाऱ्या गिधाडांची पाठ दिसते, वरून. खरं का?"

गिलेननं माथ्याकडं पाहिलं. ती तिथं खरोखरच शंभरदा गेली होती. माथ्यावरच्या खांबाला हात लावायचा, घड्याळ बघायचं, उतरायचं.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

"शंभरदा जाऊन?"

"थांबले नाही कधी."

फिर्मांनं काठी टेकवली आणि उठण्यासाठी तिच्याकडं हात पुढं केला.

उतरताना तिनं त्याच्यापुढं अट ठेवली: नादेजला सांगायचं, आणि त्यानं स्वतः सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत पावाच्या रांगेतल्या सगळ्यांसमोर ते झालं.

"डोंगरावर?" नादेजच्या हातातला लांब पाव हवेतच थांबला. "मी इथं शेजारणींना सांगते, बाबा कोंबड्यांत रमलेत! आणि गिलेन, तू यांना सामील?"

"मी काल सामील झाले," गिलेन म्हणाली.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," फिर्मां म्हणाला.

"चालायला सांगितलंय, कडे चढायला नाही!" नादेज बोलत राहिली, पिठाच्या हातानं डोळे पुसत राहिली, आणि मग एकदम थांबून म्हणाली, "गोळ्या तरी खिशात असतात का?" फिर्मांनं खिशातून डबी काढून दाखवली. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नादेज, पाव दे आता." ते भांडण तिथं मिटलं असं नाही, पण तिनं डॉक्टरांना फोन केला, आणि डॉक्टर म्हणाले, सावकाश, सोबत घेऊन, खुशाल.

सोमवारी बेकरी बंद असते. तिघं सकाळी सातला माथ्याकडं निघाली. नादेजच्या पाठीला स्वयंपाकघरातलं तीन पायांचं लाकडी स्टूल बांधलेलं होतं. उघड्या चढावर पोचल्यावर गिलेननं दगडगोटे सारून जागा सपाट केली, स्टूल ठेवलं, फिर्मां बसला. मग उठून थोडं चालला, नादेजनं स्टूल पुढं नेलं, तो पुन्हा बसला. घड्याळ गिलेननं खिशात टाकलं होतं. जो चढ ती दहा मिनिटांत मारायची त्याला सव्वा तास लागला. एकदा फिर्मांचा चेहरा राखेसारखा झाला तेव्हा नादेज म्हणाली, "बस, परत." तो म्हणाला, "बसतो. परत नाही." थोड्या वेळानं रंग परतला.

माथ्यावर वारा होता. तिघंही कड्यापासून दोन हात मागं बसली, फिर्मां स्टुलावर, बाया जमिनीवर. दरी रिकामी होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गिलेनचे पाय उठायला शिवशिवू लागले. तिनं ते हातांनी धरून ठेवले.

मग पायांखालच्या कड्यातून एक गिधाड बाहेर पडलं. पंख न हलवता ते सरकत त्यांच्या खालून गेलं, आणि त्यांना त्याची पाठ दिसली. तपकिरी, उन्हात जवळजवळ सोनेरी, आणि पंखांच्या टोकांची काळी पिसं बोटांसारखी एकेक वेगळी. मागून दुसरं आलं, मग तीन एकदम.

"खरं आहे तर," फिर्मां म्हणाला.

गिधाडं दरीत लांब गेली. मग त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि पलीकडच्या कड्याकडं बोट दाखवलं. "ते छप्पर बघ. त्या ओकच्या रांगेमागं. दगडीच आहे, पण आपल्याकडच्यासारखं बसवलेलं नाही, थर उलटे आहेत. कुणी केलं असेल?"

नादेजला आधी दिसेना. गिलेनला दिसलं. छपरातून बारीकसा धूर निघत होता. तिनं नकाशा काढून मांडीवर उलगडला, बोटानं पलीकडचा कडा वरपासून खालपर्यंत तपासला. तिथं घर नव्हतं. वाट नव्हती.

"कोण राहत असेल तिथं?" नादेज म्हणाली.

"ठाऊक नाही," गिलेन म्हणाली. आणि या वेळी हे म्हणताना तिला मुळीच वाईट वाटलं नाही. "पण धूर आहे म्हणजे सरपण आहे, आणि सरपण न्यायचं तर वाट असणारच. नदीकडून असेल, नाहीतर मागच्या पठारावरून."

"मागून," फिर्मां म्हणाला. "चढ कमी पडेल."

"बाबा!" नादेज म्हणाली, पण तीही नकाशावर वाकलीच होती.