काळवंडलेली ढवळणी

मी एक जुनी ढवळणी आहे, मित्रांनो. करंगळीच्या पेराएवढी. पोटात लोहचुंबक आणि अंगावर टेफ्लॉनचा पांढरा झगा. मला दांडा नाही. काचेच्या चंबूत मला सोडतात, खालच्या यंत्रातला चुंबक फिरू लागतो आणि त्याच्या ओढीने मीही फिरते. थांबणे माझ्या हाती नाही. जपमाळेला निदान मेरुमणी असतो, मला तोही नाही.

प्रयोगशाळेतली पहिली वर्षे मी पॅलेडियम नावाच्या महागड्या धातूच्या संगतीत काढली. तो उत्प्रेरक, दोन पदार्थांची सोयरीक जुळवतो आणि स्वतः तसाच उरतो. घासून घासून माझ्या झग्याला चरे पडले, चरे काळे झाले. कितीही धुतले तरी ते काळेपण जाईना.

मग मी थोरलीच्या हाती आले. ती तिथली सर्वांत जुनी विद्यार्थिनी, म्हणून थोरली. पॅलेडियमचे काम स्वस्त तांब्याकडून करून घ्यायचे, हा तिचा ध्यास. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक कण ती तांब्याचे करी. चंबूतले पिवळे द्रावण रंगहीन झाले, की प्रयोग साधला. पण ते पिवळेच राही. एकदा घाईत तिने मला उचलले आणि द्रावण निवळले. पुन्हा केले, पुन्हा निवळले. तेव्हापासून ती दुसऱ्या ढवळणीला हात लावीना. हिचा पायगुण चांगला, म्हणायची. जिला पायच नाहीत, तिचा पायगुण!

मला मात्र चैन नव्हते. तांबे नुसतेच गरगरत होते. सोयरीक जुळत होती ती माझ्या चऱ्यांत. पण मला वाचा कुठे?

शेजारच्या टेबलावरच्या संशोधकाला सगळे शंकासूर म्हणत. थोरलीचेच तांबे घेऊन, पण कोऱ्या ढवळणीने, त्याने तो प्रयोग केला. काही घडले नाही. याला धड ढवळताही येत नाही, असे थोरली म्हणाली. तो हसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"थोरले, तुझी ही काळुंद्री एकदा तांब्याशिवाय फिरवून बघ ना."

पुढच्याच आठवड्यात तिच्या मार्गदर्शक बाई हे यश विद्वानांपुढे मांडणार होत्या. तिची पदवी त्यावरच होती. ती रागावली, जेवलीही नाही. शेवटी नुसत्या पिवळ्या द्रावणात तिने मला सोडले. देवा, आज काही जुळू देऊ नकोस, असे विनवत मी फिरले.

द्रावण निवळले.

तिने मला चंबूतून काढून पुसले. मग मला मुठीत धरून बाईंकडे गेली.

"बाई, तांब्यानं काहीच केलं नाही. जुनं पॅलेडियम हिच्या अंगात मुरलंय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तू सांगितलंस ते बरं झालं. जगानं सांगितलं असतं तर?"

पदवी लांबली. मला कोणी फेकले नाही. कप्प्यातल्या वेगळ्या डबीत ठेवले. वर यंत्र सुरू झाले की मी अजून थरथरते.

मित्रांनो, काम झाले की आम्हाला नीट घासा. आणि यश आले की हुरळण्याआधी एकदा भांड्यात डोकावा.

परवा थोरलीचे पिवळे द्रावण जरासे फिके झाले म्हणे. ती हसली नाही. कोणाला हाकही मारली नाही. तिने आधी ढवळणी बदलली आणि प्रयोग पुन्हा मांडला. मी डबीत कान देऊन आहे.