उलटे टाके

"हा शर्ट माझ्या मुलाचा नाही." शिंप्याने वर्दीचा शर्ट कापायच्या टेबलावर ठेवला. "सांग त्याला."

लेकीने समोर उभ्या असलेल्या फौजी अधिकाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं. अधिकारी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिला. लेक म्हणाली, "त्यांना फार वाईट वाटतंय."

"तो एवढं लांबलचक बोलला आणि तू चार शब्दांत गुंडाळलंस? मधलं कुठे गेलं?"

"बाबा, मधलंही तेच होतं."

या देशात येऊन अकरा वर्षं झाली, पण शिंप्याने विश्वास टाकला तो फक्त आपल्या कात्रीवर. 'फौजेत गेलं की नागरिकत्वाचे कागद लवकर होतात,' असं मुलगा म्हणाला, तेव्हाच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. फुकट कोण कुणाला काय देतं? मग लढाई सुरू झाली आणि महिन्याभरापूर्वी बंद पेटी आली. पेटी उघडू नका, म्हणाले. बापाला पोराचं तोंडसुद्धा दाखवलं नाही.

तेव्हापासून त्याने मनाशी पक्कं धरलं होतं, की यांनी काहीतरी घोळ घातलाय. पेटीत दुसराच कुणीतरी होता. आपला मुलगा कुठल्यातरी दवाखान्यात बेशुद्ध पडला असेल. त्या दुसऱ्याच्या बापाचं काय, हा विचार मात्र तो झटकून टाकायचा.

आज मुलाच्या वस्तू आल्या होत्या. घड्याळ, दाढीचं सामान, शर्ट. शिवाय एक कागद होता. वस्तू आमच्याच मुलाच्या, असं लिहून खाली सही करायची. सही केली की संपलंच सगळं.

"जायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या बाह्या दोन बोटं आखूड केल्या होत्या," शिंपी म्हणाला. "माझा टाका मी डोळे मिटूनही ओळखेन. हे बघ, बाहीच्या आतले हे टाके उलट्या बाजूला कललेत. कुणा भलत्याचंच काम."

"तिकडे नवी वर्दी मिळाली असेल."

"मग बाही कुणी आखूड केली? तीही बरोबर दोन बोटं?" त्याने बाहीवर पुन्हा दोन बोटं ठेवून पाहिली. "मुद्दाम केली असेल. मला बनवायला."

लेकीने डोळे पुसले आणि अधिकाऱ्याला विचारलं. या वेळी उत्तर छोटं होतं. "ते म्हणतात, तुकडीतल्या सगळ्यांचे कपडे दादाच दुरुस्त करायचा. त्याला सगळे शिंपी म्हणायचे."

"थाप आहे! त्याला साधा दोरा ओवता येत नव्हता."

हे बोलताच त्याला आठवलं. मुलाने एकदा हौसेने सुई हातात धरली होती, पण डाव्या हातात. शिंप्याने लाकडी पट्टीने त्याच्या बोटांवर मारलं होतं. 'उजव्या हातात धर!' तीनदा मारलं. त्यानंतर पोरगं दुकानात फिरकलं नाही, ते कायमचंच.

शिंप्याने चष्मा पुसला. सुईत दोरा ओवला, चिंधी घेतली आणि सुई डाव्या हातात धरून चार टाके घातले. टाके वेडेवाकडे आले, पण कलले मात्र त्याच बाजूला.

त्याने बाही पुन्हा उलटी केली. आतले टाके बारीक होते, एकसारखे होते आणि बाहेरून एकही दिसत नव्हता. असा हात त्याच्या दुकानात आजवर कुणाचा बसला नव्हता. त्याला आधी अभिमान वाटला, आणि मग तो रडला. आता संशय घ्यायला काही उरलं नव्हतं. संशय होता तोवर मुलगा होता.

अधिकाऱ्याने पेन पुढे केलं. शिंप्याने सही केली, शर्टाची नीट घडी घातली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"सांग त्याला," तो लेकीला म्हणाला, "काम आमच्याच दुकानातलं आहे."

हे मात्र लेकीला लगेच सांगता आलं नाही.