ताशी बावीसचा पाठलाग

आमच्या ह्यांना टीव्हीवर एकच कार्यक्रम आवडतो. शनिवारी संध्याकाळी सात वाजता ट्रॅफिक पोलिसांच्या गाडीतून कॅमेरा हिंडतो, कुणी सिग्नल तोडतो, कुणी कानाला फोन लावून गाडी हाकतो, पोलीस त्याला अडवतात आणि हे इकडे सोफ्यावरून त्याची खरडपट्टी काढतात. चाळीस वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. म्हणजे हक्कच झाला ना!

पण वर्षापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काका, आता स्टीअरिंगला हात लावायचा नाही." तेव्हापासून गाडी मागच्या अंगणात कव्हर घालून उभी आणि हे टीव्हीला नाक लावून बसलेले. मित्रांकडे जाणं बंद, फिरणं बंद. टॅक्सी बोलावू म्हटलं तर म्हणायचे, "परक्याच्या गाडीत माझा जीव घुसमटतो." एवढा बडबड्या माणूस, पण दिवसेंदिवस कोमेजत चालला होता. मला बघवेना.

मग मी काय केलं? गुडघ्यांच्या व्यायामाला जाते अशी थाप मारून ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. खरं सांगितलं असतं तर ह्यांनी हसून हसून जीव नकोसा केला असता. लग्न झाल्यापासून एकच पालुपद, "तुझ्या हातात गाडी दिली तर आधी शेजाऱ्यांची भिंत पाडशील." पाच महिने शिकले. परीक्षेत चार वेळा नापास झाले. पाचव्या वेळी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी सही केली आणि हात जोडले. मला की देवाला, ते विचारलं नाही.

इकडे लेकीने आणि जावयाने परस्पर ठरवलं, गाडी विकून टाकू. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. हे नुसतं "बरं" म्हणाले. एकाच शब्दात आटपलं! म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. बुधवारी लेक ह्यांना डोळे तपासायला घेऊन गेली, तसं मी कव्हर काढलं. बेत असा, की दवाखान्याच्या दारात गाडी उभी करायची, दार उघडायचं आणि म्हणायचं, "बसा."

मोठ्या रस्त्याला लागले आणि मागे सायरन वाजायला लागला. मला वाटलं, बिचारे कुठे तरी चोर पकडायला निघालेत. मी हात बाहेर काढून पुढे जा म्हटलं. तीनदा म्हटलं. जाईनात! शेवटी त्यांनी माझ्या शेजारी गाडी आणली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की चोर मीच.

पोलीसबाई माझ्या लेकीपेक्षाही लहान. म्हणाली, "काकू, तुम्ही ताशी बावीसने चाललाय. मागे बघा."

मागे बघितलं. क्षितिजापर्यंत गाड्या.

तिने लायसन्स बघितलं, हसू दाबलं आणि समज देऊन सोडलं. तेवढ्यात तिच्यामागून ह्यांच्या त्या शनिवारच्या कार्यक्रमाची कॅमेरावाली पोरगी संमतीचा कागद घेऊन आली. चेहरा दाखवायचा की झाकायचा? मी म्हटलं, "झाक बाई, आवाजसुद्धा बदल." तशीच उलटी फिरले, घरी येऊन कव्हर घातलं. ह्यांना सांगणार काय? गाडी शिकले आणि पहिल्याच दिवशी पोलिसांनी धरलं? विकली तर विकली म्हटलं, आणि पदराने डोळे पुसले.

शनिवार आला. लेक आणि जावईही कार्यक्रम बघायला बसले. मी भाजी निवडायचं निमित्त करून मान खाली घातली. पडद्यावर ढोल वाजला, निवेदक गरजला, "थरारक पाठलाग!" आणि माझी गाडी मुंगीच्या पावलांनी आली. खांद्यापासून वर नुसतं धुकं.

"ही बाई गाडी चालवतेय की गाडीला फिरायला नेतेय?" जावई खो खो हसला.

"अगं, तिसरा गिअर टाक!" हे ओरडले. "दुसऱ्यात कण्हतेय ती!" मग मान तिरकी करून इंजिनाच्या आवाजाला कान दिला. "ही माझी गाडी आहे."

"बाबा, अशा पांढऱ्या गाड्या पायलीच्या पन्नास," जावई म्हणाला. "नंबर झाकलाय, चेहरा धूसर केलाय. ओळखणार कसं?"

"मला सगळंच धूसर दिसतं, जावईबापू. तुम्हाला आज पहिल्यांदा दिसतंय. गप्प बसा जरा."

पडद्यावरचं धुकं घोगऱ्या, बाप्याच्या आवाजात पोलीसबाईला सांगत होतं, "अहो, मी आमच्या ह्यांना आणायला निघालेय. वर्षभर घरात बसून आहेत. आता मी त्यांना फिरवणार आहे, रोज."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. हे उठले, चाचपडत माझ्यासमोर आले आणि नाकाला नाक लागेल इतके वाकले.

"गुडघे कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

मला रडू फुटलं. रडत रडतच सगळं सांगितलं, पाच महिने, चार नापास, दवाखान्याचं दार. "हसा आता," म्हटलं, "हसा पोटभर."

हे हसले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मग लेकीनेच हसायला सुरुवात केली, मग जावयाने, मग मी, आणि शेवटी ह्यांनी असा काही गडगडाट केला, की वर्षभराची उधारी एका दमात फेडली.

"पण बाबा, उद्या तो माणूस येणार आहे," जावई डोळे पुसत म्हणाला.

"फोन करून सांगा त्याला, गाडी विकायची नाही," हे म्हणाले. "आमच्या घरात ड्रायव्हर आहे."

आणि ताठ मानेने बूट शोधायला निघाले.