आमचा नाही

बाबांचा शेवटचा साधा दिवस म्हणजे मे महिन्यातला एक रविवार. सकाळी त्यांनी मनूसाठी मांदेली उकडली, काटे काढले आणि घरभर वास केला म्हणून नेहमीसारखी माझी बोलणी खाल्ली. मनू आमची मांजर, चौदा वर्षांची, किडनीचं दुखणं असलेली. दर दिवसाआड तिला कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. बाबांनी तिला मांडीवर धरून बसायचं आणि सुई मी टोचायची, अशी आमची वाटणी होती.

मनूचं झाल्यावर उरलेल्या मांदेलीत भात कालवून ते खाली गेले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तांबू वाट बघत असायचा. रस्त्यावरचा कुत्रा, तांबडा, एका कानाला चीर गेलेली. चौथी पायरी तो कधी चढला नाही. कमिटीचे नियम त्याला चाळकऱ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत, असं बाबा म्हणायचे.

वर आले ते दारातच थांबले. "सुनेत्रा, याला घरात घेतला तर? म्हातारा होत चाललाय तोही."

"बाबा, एक आहे तेवढं पुरे."

"बरं," म्हणाले आणि मोरीत हात धुवायला गेले.

तेवढ्यात नोटिशीची वही आली. गिरगावातल्या आमच्या चाळीत अजून महत्त्वाचं काही असलं की वही दारोदार फिरते आणि प्रत्येक बिऱ्हाड त्यात सही करतं. मी वाचली, सही केली आणि वही शेजारच्या शांतामावशींच्या हातात दिली.

"काय गं होतं?" बाबांनी मोरीतून विचारलं.

"काही नाही. टाकी धुणार आहेत."

मंगळवारी तांबू तिसऱ्या पायरीवर नव्हता.

शहात्तर वर्षांचा माणूस तीन दिवस उन्हात कुत्रा शोधत फिरला. खोताची वाडी झाली, ठाकूरद्वार झालं, समुद्रापर्यंत जाऊन आले. मी रोज ऑफिसला गेले. येता-जाता ते हेमचंद्रकाकांपाशी थांबायचे. हेमचंद्रकाका कमिटीचे सेक्रेटरी. चाळीस वर्षं त्यांची खुर्ची पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, त्यांच्या उघड्या दारात. त्यांना चुकवून चाळीत कोणी शिरत नाही.

"मला काय ठाऊक रे रमाकांत? कुत्रा तो. गेला असेल कुठेतरी."

तिसऱ्या दिवशी बाबा जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत कफ भरला. हॉस्पिटलात अकरा दिवस काढून गेले.

दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवला नाही. गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलं असलं की असं होतं म्हणतात. मग मागे राहिलेल्यांनी ते ओळखायचं आणि पिंडासमोर मोठ्याने शब्द द्यायचा. आमचे लोक एकेक करून पुढे झाले. मनूला सांभाळू. सुनेत्राला एकटी पडू देणार नाही. हेमचंद्रकाकांनी तर डोळे मिटून हात जोडले. "रमाकांत, तुझ्या पोरीला चाळ काही कमी पडू देणार नाही." कावळे झाडावर बसून राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी एक अक्षर बोलले नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला.

चौदाव्या दिवशी शांतामावशींनी भांडी परत करताना आवाज खाली आणला. "तो टेम्पो हेमचंद्रांनीच बोलावलेला गं. मी सकाळी दूध आणायला उतरले होते. दोघांनी कुत्र्याला पोत्यात घातलं. हेमचंद्र वर उभे, कठडा धरून. लहानपणी कुत्रा चावलाय ना त्यांना, अजून टरकतात."

म्हणजे बाबा तीन दिवस विचारत होते आणि या माणसाला माहीत होतं.

मी रडले नाही. मला काम मिळालं होतं.

तांबू सापडायला पाच आठवडे लागले. कल्याणच्या पुढे एका शेल्टरमध्ये होता. हायवेवर सोडून दिलेला, पुढच्या पायाला लागलेलं. कानाच्या चिरेवरून फोटोत ओळखला. शेल्टरच्या आकांक्षा नावाच्या मुलीने माझ्याकडून दत्तक फॉर्म भरून घेतला. घरात आधीचा प्राणी आहे का? आहे, मांजर, चौदा वर्षं. कुत्रा का घ्यायचा आहे? मी लिहिलं, सोबत.

"ताई, घाई नका करू," ती म्हणाली. "पहिले दोन आठवडे दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. याचं फडकं तिच्याजवळ, तिचं याच्याजवळ, म्हणजे वासाची सवय होते. समोरासमोर एकदम आणू नका. ती म्हातारी आहे, घर तिचं आहे."

मी मान हलवली. माझ्या डोक्यात एक खुर्ची होती.

लस, परवाना, पट्टा, सगळं रीतसर केलं. कागदांच्या प्रती कमिटीच्या पेटीत टाकल्या. आता तांबू भटका नव्हता, त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. पहिल्याच सकाळी मी त्याला घेऊन उतरले. परत येताना चौथ्या पायरीखाली तो अडला, मी ओढला. संध्याकाळी वर येताना हेमचंद्रकाकांच्या दारासमोर थांबले आणि चपलेचा बंद लावत बसले. बंद नीट लागत नव्हता. तांबू शहाण्यासारखा खाली बसला आणि खुर्चीकडे बघत राहिला.

"सुनेत्रा, घे ना त्याला पुढे," काकांनी पाय वर घेतले.

"घेते हं काका. पाय दुखतो त्याचा. कोणीतरी टेम्पोतून फेकला होता."

दिवसातून सहा वेळा. आठवड्याभरात खुर्ची आत गेली. पंधरा दिवसांत दार बंद झालं. आमच्याकडे दिवसा दार बंद असलेल्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. एक तर घरात कोणी गेलेलं असतं, नाहीतर तोंड दाखवायला जागा नसते. गणपतीची वर्गणी मागायलाही त्यांना कोणी हाक मारली नाही. मी त्या दारासमोरून जाताना मुद्दाम सावकाश जायची. खोटं कशाला बोलू, त्या दीड महिन्यात मला झोप चांगली लागली.

मनू पहिल्या दिवशीच पोटमाळ्यावर चढली होती. रुळेल, म्हटलं. दोघांना वेगळं ठेवायचं तर तांबूला दोन आठवडे मिरवता आलं नसतं. ती पहाटे उतरून थोडं खायची, मग तेही सोडलं. एका शनिवारी मी तिला खाली काढलं तेव्हा तिचं वजनच हाताला जाणवलं नाही, इतकी हलकी झाली होती.

परळच्या डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर ठेवलं. "किती दिवस खाल्लं नाही?"

"तीन."

"असंच चाललं तर किडनीच्या आधी लिव्हर जाईल. घरात काही बदललं का?"

बाबांच्या मांडीवर बसणारा तो जीव माझ्याकडे न बघता काट्यावर पडून होता. बाबांची जिवंत उरलेली एकच वस्तू, आणि ती मी मारत आणली होती.

घरी आल्यावर मी आमचं दार बंद केलं. तांबू बाहेरच्या खोलीत, मनू आतल्या. मध्ये टेबल आडवं लावलं, वर चादर. फडकी बदलली. तांबूला खाली न्यायचं ते दोनदा, पटकन, न थांबता. सलाईनच्या वेळी मांजर धरायला शांतामावशी यायच्या आणि सुई बघून तोंड फिरवायच्या. पाचव्या दिवशी मनूने माझ्या बोटावरची मांदेली चाटली.

सहाव्या दिवशी दार वाजलं. फटीतून हेमचंद्रकाका दिसले. कुत्रा कुठे आहे ते बघून घेऊन मग बोलले.

"दार का बंद तुझं?"

"मांजर आजारी आहे."

"माझं दीड महिना बंद होतं. विचारलंस?"

"नाही. बघत होते."

"ती वही माझ्याकडे आहे, सुनेत्रा. जिन्यातला कुत्रा कोणाचा असल्यास लिहावे, अन्यथा हलवण्यात येईल. तुझ्या सहीशेजारी तू 'आमचा नाही' लिहिलंयस."

माझ्या मागे तांबूची नखं फरशीवर वाजली.

"वहीचं, टेम्पोचं कोणीतरी रमाकांतच्या कानावर घातलं होतं. हॉस्पिटलात त्याने विचारलं मला, सह्या कोणी कोणी केल्या. मी म्हटलं, सगळ्यांनी. तुझं घर सोडून."

या माणसाचा मला त्याआधी कधी इतका राग आला नव्हता. माझ्यासाठी खोटं बोलायचा हक्क त्याला कोणी दिला?

"आणि टेम्पो कुठे गेला, तेही विचारलं असेल बाबांनी?"

"विचारलं."

"सांगितलंत?"

त्यांनी कठड्याकडे बघितलं. "नाही."

मी दार लावून घेतलं.

पितृपक्षात बाबांच्या तिथीला मी गॅलरीच्या कठड्यावर पान ठेवलं. भात, खीर, वडा, आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून एक मांदेली. आत मनू टेबलाच्या अलीकडे झोपली होती आणि तांबू पलीकडे. चादर मी दोन दिवसांपूर्वीच काढली होती. त्याने ती हद्द ओलांडली नाही, त्याची चौथी पायरी आता तिथे होती. गॅलरीत शेजारी जमले होते. हेमचंद्रकाकाही वर आले होते, जरा लांब उभे.

समोरच्या पाइपवर कावळा येऊन बसला. बसूनच राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"बोल काहीतरी सुनेत्रा," शांतामावशी म्हणाल्या. "राहिलं असेल त्यांचं काही."

तीन महिने माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. ते मी आधी म्हटलं, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं.

"बाबा, तांबूला हेमचंद्रकाकांनी टेम्पोत घातला. तुम्ही विचारत होतात तेव्हा त्यांना माहीत होतं."

काकांनी मान खाली घातली, पण ते गेले नाहीत. कावळाही गेला नाही. मी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"आणि बाबा, त्या दिवशी वहीत टाकीचं काही नव्हतं. तांबू कोणाचा, एवढंच विचारलं होतं. आमचा नाही, असं मी लिहिलं."