लिंबू-मिरचीचा कॉम्प्युटर

उरणला ट्रेलर चालवणारा हिरामण आणि त्याची लेक मृणाली यांनी गेम खेळायचा कॉम्प्युटर घरीच जोडला. स्वस्तात पडावा म्हणून ग्राफिक्स कार्ड जुनं घेतलं होतं. विकणाऱ्याने आधीच बजावलं होतं, "बंद निघालं तर परत घेणार न्हाय." त्या धास्तीने मृणालीला सकाळपासून घास गेला नव्हता.

तिने बटण दाबलं आणि आतून खडखड आवाज सुटला. तिने घाबरून लगेच बंद केलं.

"गेलं कार्ड!" ती रडकुंडीला आली.

हिरामणने चष्मा चढवून आत टॉर्च मारला आणि स्वतःचा कान धरला.

"कार्ड चांगलं हाय गं. गाढव मी हाय. तू देवापुढे गेलीस तेव्हा नव्या गाडीला बांधतो तशी आत लिंबू-मिरची बांधली. मिरची पंख्यात गेली."

"बाबा, याला काय घाटातून न्यायचंय?"

तिने मिरची ओढून काढली, पुन्हा बटण दाबलं. पंखे गुपचूप फिरले आणि पडद्यावर रंग उसळले. मृणाली किंचाळत नाचू लागली. हिरामण धावत जाऊन रस्त्याकडेच्या ट्रेलरचा भोंगा वाजवत सुटला.

शेजारी बाहेर आले. "हिरामण, वरात कुणाची?"

"ग्राफिक्स कार्डाची!" मृणाली खिडकीतून ओरडली.