अडकलेला प्रश्न

पंकजाक्कांनी तिसऱ्यांदा दुरुस्तीला बोलावलं तेव्हा मी वैतागलोच. त्यांचा मुलगा चंद्रमौली अठ्ठ्याऐंशीत कावेरीत बुडाला. त्याचा कंप्यूटर दोन वर्षांनी अक्कांनी उघडला होता. त्यातले प्रोग्रॅम कॅसेटवरून चालायचे, म्हणून आधी दोनदा मी टेपरेकॉर्डरचं हेड पुसून निघून गेलो होतो. या वेळी कॅसेट लावून बसलो. पडदा म्हणून जोडलेल्या टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत आमची मराठी उमटली: "अम्मा, जेवलीस की?" पुढे काहीच नाही.

"बघ, इथंच अडकतो. मी रोज हो म्हणते."

"अक्का, त्याला ऐकू येत नाही!" मी खेकसलो. "उत्तर टाइप करायचं असतं."

मी "हो" टाइप केलं. पोरानं गमतीनं लिहून ठेवलेली ओळ आली: "मग मला वाढ."

मी हसत मागे वळलो. अक्कांची खुर्ची रिकामी होती. आत केळीच्या पानावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला.