पहिलं पान आणि पालीची शेपटी

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि आधीच सांगते, मी वैतागलेली आहे. मला शंभर पानी म्हणून विकत आणलं. आज मोजाल तर ब्याण्णवच पानं भरतील. एकही पान हरवलेलं नाही. गेली ती सगळी फाडली गेली, आणि तीही मोठ्या प्रेमाने.

कारखान्यात आमचे कागद एकावर एक रचतात, मधोमध दुमडतात आणि घडीवर दोन पिना मारतात. म्हणजे माझं अगदी पहिलं पान आणि अगदी शेवटचं पान हा एकच सलग कागद असतो. एवढं लक्षात ठेवा, माझी पुढची सगळी रडकथा यावरच आहे.

मला आणलं एका आईने. ती घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. लाल पेन तिच्या कानामागे कायम खोचलेलं. तिची नऊ वर्षांची लेक अखंड बडबडते, म्हणून घरात तिला टिटवी म्हणतात. ही टिटवी शाळेत मात्र वहीत एक ओळ लिहायची नाही. शेवटी आईने तिला घरीच शिकवायचं ठरवलं आणि मला तिच्यापुढे ठेवलं. "जे बघशील ते तुझ्या शब्दांत लिही, चित्र काढ. वही तुझी," ती म्हणाली. मी हरखून गेले. हरखायची घाई झाली.

कारण लगेच आई म्हणाली, "थांब, पहिलं पान मी आखून देते. सुरुवात तरी नेटकी हवी." तिने चौकट आखली, ती तिरकी गेली. फाडलं पान. दुसऱ्यावर शाई फुटली. तिसऱ्यावर टिटवीने एक वाक्य लिहिलं. आईचा हात सवयीने कानामागे गेला आणि त्या वाक्याला तीन लाल खुणा मिळाल्या. तेही पान गेलं. कडेला चिटोरं राहू नये म्हणून आई पान मुळासकट ओढून काढायची. बाबा एकदा म्हणाले, "अगं, वही आहे की कलिंगड? रोज एक काप चाललाय." कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

दोन महिन्यांत सात पानं गेली. टिटवी टेबलाशी यायचीच बंद झाली. आईने आपल्या बहिणीला फोन केला. "ताई, माझंच चुकलं. हिला लिहायचंच नाहीये गं. सोमवारी शाळेत जाऊन पुन्हा नाव घालते." मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते. कारण टिटवी लिहीत होती. रोज दुपारी, आई प्रुफांत बुडाली की ती मला उलटी करून मागून उघडायची.

न्हाणीघरातल्या पालीची शेपटी तुटली होती. टिटवी लिहायची, 'आज नुसता लाल ठिपका.' मग, 'उडदाएवढी शेपटी.' मग, 'करंगळीच्या नखाएवढी, रंग वेगळा. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग डास खाल्ला.' प्रत्येक नोंदीशेजारी पालीचं चित्र. पण पुढची पानं उपटली गेल्यामुळे मागची त्यांची जोडीदार पानं सुटी झाली होती, आणि नेमक्या त्याच पानांवर हे सगळं होतं. हे सांगणार कोण?

शनिवारी आईने शेवटचा प्रयत्न म्हणून आणखी एक चौकट आखली. तीही तिरकी गेली तेव्हा ओठ दाबून तिने ते आठवं पान ओढलं आणि मला झटकलं. मागची सुटी पानं भसकन जमिनीवर पडली. कच्चं काम समजून तिने ती गोळा केली आणि रद्दीच्या टोपलीत टाकली.

टिटवी दारात उभी होती. ती धावत आत आली. तिने टोपली उपडी केली आणि चुरगळलेली पानं टेबलाखाली बसून एकेक सरळ करू लागली. आई खाली वाकली. तिने एक पान वाचलं, मग दुसरं. लाल पेन हातात आलं होतं, ते तिने परत ठेवलं.

"हे कधी लिहिलंस?"

"तू पहिलं पान करत होतीस तेव्हा."

"मग पुढून का नाही लिहिलंस, बाळा?"

"पुढे तुझं चाललेलं असतं ना."

आई तिथेच फरशीवर बसली आणि रडली. मग उठून तिने चिकटपट्टी आणली. दोघींनी मिळून पानं पुन्हा जोडली. जरा वेडीवाकडीच, पण आईने ती तशीच राहू दिली. सोमवारी शाळेत कुणी गेलं नाही.

आता मला उलटीच धरतात. माझी सुरुवात शेवटाकडून होते आणि पुढून आता जे पहिलं पान लागतं ते अजून कोरं आहे. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण थोडी.

मित्रांनो, नवी वही उघडलीत की चुका, खोडा, शाई सांडा. मला चालतं. फक्त नेटकेपणाच्या नावाखाली पान उपटू नका, ते पलीकडे कुणाच्या तरी पानाला धरून असतं. त्या पालीची शेपटी आता पुरती वाढली आहे. माझ्या आठ पानांचं तसं होणार नाही.